ब्लॅक अँड व्हाइट केल्यावर फोटो मातकट दिसतो? कॉन्ट्रास्टला हात लावायच्या आधी हे तपासा

कलर फोटो ब्लॅक अँड व्हाइट केला आणि तो मळलेल्या पांढऱ्या कपड्यासारखा दिसायला लागला, ही तक्रार माझ्याकडे इतक्यांदा आलीये की आता मी आधी फोटो मागतच नाही, आधी विचारतो की कन्व्हर्ट करायला कुठलं बटण दाबलं. निम्म्या वेळा तिथेच उत्तर सापडतं.

बहुतेक लोक यावर एकच औषध करतात, कॉन्ट्रास्टचा स्लायडर उजवीकडे ओढतात. त्याने काळं आणखी काळं होतं, पांढरं आणखी पांढरं होतं आणि मधला चिखल आहे तिथेच राहतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. कारण साधं आहे, दोन वेगळ्या रंगांच्या वस्तूंना जर एकच राखाडी छटा मिळाली असेल तर कॉन्ट्रास्ट कितीही ओढा, दोघी मिळून वर जातील नाहीतर मिळून खाली येतील, वेगळ्या काही होणार नाहीत. त्यांना वेगळं करायचं काम कन्व्हर्ट करतानाच व्हायला लागतं, म्हणजे फाईलमध्ये रंग अजून जिवंत असताना.

लक्षणं बघा, तुमचं कुठलं ते ओळखा

- अख्खा फोटो मधल्या राखाडीत अडकलाय, खरा काळा कुठे नाही आणि खरा पांढराही नाही.
- रंगीत असताना जे पहिल्यांदा डोळ्यात भरत होतं (हिरव्या पानांतलं लाल फूल, हिरवळीवरचा लाल शर्ट) तेच आता शोधावं लागतंय.
- चेहरा प्लास्टर लावल्यासारखा सपाट झालाय, ओठ दिसत नाहीत. किंवा बरोबर उलटं, रंगीत फोटोत न दिसणारे डाग, तीळ, लाली सगळं उठून आलंय.
- आकाश गडद केल्यावर त्यात दाणे आणि चौकोनी ठिपके आलेत, फांद्यांच्या नाहीतर छपराच्या कडेने पांढरी रेघ दिसतेय.
- आकाशात पायऱ्या पडल्यात, म्हणजे छटा सरकत न जाता पट्ट्यापट्ट्याने बदलतेय.
- फोटो ब्लॅक अँड व्हाइट असूनही निळसर, हिरवट किंवा पिवळट वाटतोय.
- एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये झकास, ब्राउझरमध्ये किंवा फोनवर उघडला की फिका नाहीतर काळवंडलेला.
- रंगांचे स्लायडर हलवतोय पण फोटोत काही म्हणजे काही होत नाहीये.
- स्क्रीनवर ठीक आणि प्रिंट भलतीच.

पहिली तीन लक्षणं खाली तिसऱ्या ते पाचव्या पायरीत सुटतात, पण तरी पहिल्यापासूनच या, कारण सुरुवातीच्या तपासण्यांना ना पैसे लागतात ना वेळ, आणि त्या न करता पुढे गेलात तर नसलेला रोग बरा करत बसाल.

१. आधी स्क्रीन तपासा, फोटो नंतर

नाइट मोड किंवा डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून स्क्रीन पिवळी करणारं जे काही चालू असेल ते बंद करा, ब्राइटनेस आपोआप कमीजास्त होणारं सेटिंगही बंद करा. कलर फोटोत डोळा ही झाक सांभाळून घेतो पण राखाडीत थोडीशी पिवळट छटाही लगेच खुपते. मग सॉफ्टवेअरमधला आयड्रॉपर, म्हणजे जिथे ठेवाल तिथला रंग आकड्यांत सांगणारं टूल, घेऊन फोटोच्या दोनचार जागी ठेवा आणि आरजीबीचे, म्हणजे लाल, हिरवा आणि निळ्याचे, आकडे वाचा (० म्हणजे काहीच नाही, २५५ म्हणजे पूर्ण). तिन्ही सारखे असतील, म्हणजे १२८, १२८, १२८ असं काहीतरी, तर फाईल शुद्ध राखाडी आहे आणि झाक स्क्रीनची आहे, फोटोला हात लावायचं कारणच नाही. आकडे वेगळे असतील तर वरती कुठेतरी टिंट, सेपिया किंवा स्प्लिट टोनिंग असा राखाडीवर रंग चढवणारा इफेक्ट चालू राहिलाय, तो शोधून बंद करा. ब्राइटनेस पूर्ण ठेवून अंधाऱ्या खोलीत एडिट करणाऱ्यांचे फोटो दुसऱ्यांच्या स्क्रीनवर काळेच दिसणार, त्यात सॉफ्टवेअरचा दोष नाही.

२. फाईलमध्ये रंग शिल्लक आहे का?

स्लायडर काम करत नाहीत या तक्रारीचं मूळ जवळपास कायम इथेच. फोटोशॉपमध्ये इमेज मेनूतल्या मोडमध्ये जा, तिथे ग्रेस्केलवर टिक असेल तर रंग फेकून दिलेला आहे. आता परत आरजीबी मोड निवडला तरी लाल, हिरवा, निळा या तीन चॅनेलमध्ये एकच चित्र तीनदा ठेवलं जातं, रंग काही परत येत नाही. फोनच्या कॅमेऱ्यात मोनो फिल्टर लावून काढलेली आणि तशीच सेव्ह झालेली जेपेग असेल तरी तीच गत. अनडू चालत असेल तर मागे जा, नसेल तर मूळ फाईल शोधा, फोनच्या गॅलरीत एडिट मागे घ्यायचा पर्याय बऱ्याचदा असतो तो बघा.

कॅमेऱ्यात मोनोक्रोम मोड ठेवून रॉ, म्हणजे सेन्सरचा कच्चा डेटा असलेली फाईल, काढली असेल तर घाबरू नका. मागच्या स्क्रीनवर ब्लॅक अँड व्हाइट दिसलं तरी रॉ फाईलमध्ये सेन्सरने टिपलेला सगळा रंगाचा डेटा तसाच असतो, सॉफ्टवेअरमध्ये कलर प्रोफाइल निवडलं की झालं. म्हणून ज्यांना शूट करतानाच काळंपांढरं बघायला आवडतं त्यांनी रॉ प्लस जेपेग ठेवावं, दोन्ही हातात राहतं.

आणि इथून पुढे जे काही करायचं ते कॉपीवर किंवा अॅडजस्टमेंट लेयरवर, म्हणजे मूळ फोटो न बदलता वरून बदल लावणाऱ्या थरावर. मूळ थरावर थेट कमांड मारून सेव्ह केलं की विषय संपला.

३. कुठल्या कमांडने कन्व्हर्ट केलंत?

इथे जरा थांबून वाचा, कारण मातकटपणाचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

फोटोशॉपमध्ये डीसॅच्युरेट म्हणून कमांड आहे, कंट्रोल शिफ्ट यू दाबलं की क्षणात काळंपांढरं होतं म्हणून सगळ्यांची लाडकी. ती काय करते, तर प्रत्येक पिक्सेलच्या तीन आकड्यांतला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान घेते आणि त्यांचा मध्य काढते. यात डोळ्याला काय उजळ वाटतं याचा काही संबंधच नाही. शुद्ध लाल, शुद्ध हिरवा, शुद्ध निळा, आणि झगझगीत पिवळासुद्धा, सगळे एकाच मधल्या राखाडीवर येऊन बसतात.

एक उदाहरण आकड्यांत करूनच बघा. फुलाची पाकळी २००, ४०, ४० आणि शेजारचं पान ७०, १७०, ७०. डीसॅच्युरेट केलं की पाकळी १२० आणि पान पण १२०. फूल गेलं. आता यावर कॉन्ट्रास्टचं काय करणार? १२० आणि १२० मध्ये वाढवायला फरकच नाहीये.

दुसरा प्रकार असतो वजनाचा, म्हणजे डोळा हिरव्याला जास्त संवेदनशील आणि निळ्याला कमी म्हणून लाल साधारण ३० टक्के, हिरवा ५९ टक्के आणि निळा ११ टक्के धरायचा. हे प्रमाण जुन्या टीव्हीच्या काळातलं, एचडीच्या मानकात तेच साधारण २१, ७२ आणि ७ टक्के झालं. पहिल्या प्रमाणाने वरची पाकळी ८८ वर येते आणि पान १२९ वर, म्हणजे चांगलं सुटलं. पण खूश होऊ नका, कारण पाकळी २२०, ६०, ६० आणि पान ६०, १४०, ६० असलं तर याच फॉर्म्युल्याने १०८ आणि १०७ येतात आणि फूल परत गायब. गंमत म्हणजे ही जोडी डीसॅच्युरेटने सुटली असती, तिथे १४० आणि १०० येतात. म्हणजे कुठलाही एक ठरलेला फॉर्म्युला सगळ्या फोटोंना पुरत नाही, त्याला तुमच्या फोटोत काय महत्त्वाचं आहे ते कुठे माहितीये.

गिंप या फुकट सॉफ्टवेअरमध्ये कलर्स मेनूत डीसॅच्युरेट उघडलं की हे प्रकार नावानिशी निवडता येतात, ल्युमिनन्स, ल्युमा, लाइटनेस, अॅव्हरेज, व्हॅल्यू. फोटो उघडा ठेवून एकेक फिरवून बघा, एका मिनिटात कळतं की तुमचा फोटो कुठल्या प्रकाराने मरतोय. एवढ्यानेच काम झालं तर छान, पुढचं वाचायची गरज नाही.

४. तीन चॅनेल वेगवेगळे बघा

स्लायडरकडे धावायच्या आधी हे करा. नव्वद टक्के लोक हे करत नाहीत आणि मग स्लायडर आंधळेपणाने हलवत बसतात.

प्रत्येक कलर फोटो म्हणजे मुळात एकावर एक ठेवलेले तीन काळेपांढरे फोटो, लाल, हिरवा आणि निळा. फोटोशॉपमध्ये चॅनेल्स पॅनेलमध्ये एकेकावर क्लिक करा, गिंपमध्ये कलर्स, कंपोनंट्स, डिकंपोज करून आरजीबी निवडा म्हणजे तिन्ही वेगळ्या लेयरवर येतात. फोनवर स्नॅपसीड अॅपच्या ब्लॅक अँड व्हाइट टूलमध्ये लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा असे कलर फिल्टर आहेत, ते साधारण हेच दाखवतात.

वरच्या पहिल्या फुलाचंच बघा. लाल चॅनेलमध्ये पाकळी २०० आणि पान ७०, म्हणजे काळपट पानांत पांढुरकं फूल. हिरव्या चॅनेलमध्ये पाकळी ४० आणि पान १७०, म्हणजे उजळ पानांत काळं फूल. दोन्ही फोटो छान होतील, पण ते दोन वेगळे फोटो आहेत, आणि कुठला हवा ते तुम्हीच ठरवायचं.

चेहऱ्याला लाल चॅनेल सगळ्यात मऊ असतो, डाग आणि लाली त्यात विरघळतात. निळ्या चॅनेलमध्ये तोच चेहरा दहा वर्षांनी म्हातारा. आकाश लालमध्ये गडद, निळ्यात पांढरंफटक. रोलच्या काळात फोटोग्राफर भिंगापुढे रंगीत काच लावायचे ते याचसाठी, अमेरिकन फोटोग्राफर अॅन्सेल अॅडम्सने १९२७ मध्ये योसेमिटीतल्या हाफ डोम या कड्याचा फोटो आधी पिवळा फिल्टर लावून घेतला आणि शेवटच्या प्लेटवर गडद लाल फिल्टर लावला, आणि आकाश जवळपास काळं झालं. त्याला हे शटर दाबायच्या आधी ठरवायला लागलं, आपल्याला खुर्चीत बसून नंतर करता येतं एवढाच फरक.

आणखी एक गोष्ट चॅनेलमध्येच दिसते. भर उन्हातल्या लाल फुलाचा लाल चॅनेल पुष्कळदा २५५ ला जाऊन सपाट पांढरा झालेला असतो, पाकळीवरच्या शिरा, सुरकुत्या काही उरत नाही, पण तिन्ही चॅनेलच्या एकत्र हिस्टोग्राममध्ये, म्हणजे कुठल्या उजेडाचे किती पिक्सेल आहेत ते दाखवणाऱ्या आलेखात, हे लपून जातं. अशा वेळी लाल वाढवलात तर पाकळी म्हणजे कागदाचा तुकडा. हिरव्या किंवा निळ्या चॅनेलमध्ये ते टेक्स्चर शिल्लक असतं, तिथून उचला आणि नंतर कर्व्हने (रेघ वाकवून छटा गडद किंवा उजळ करणारं टूल) उजळ करा. रॉ असेल तर आधी एक्स्पोजर नाहीतर सॅच्युरेशन खाली घेऊन बघा, लाल चॅनेलमध्ये जीव परत येतो का ते.

५. आता स्लायडर, पण क्रमाने

फोटोशॉपमध्ये ब्लॅक अँड व्हाइट नावाचा अॅडजस्टमेंट लेयर आहे, तो सीएस३ आवृत्तीपासून, म्हणजे २००७ पासून. सहा स्लायडर, लाल, पिवळा, हिरवा, सायन, निळा, मजेंटा, आणि सुरुवातीला ते ४०, ६०, ४०, ६०, २०, ८० वर असतात. लाइटरूम या अडोबीच्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आठ आहेत, नारिंगी आणि जांभळा वेगळा मिळतो. गिंपमध्ये मोनो मिक्सर, त्यात तीनच चॅनेल, तिन्हींची बेरीज १ च्या आसपास ठेवायची नाहीतर अख्खा फोटो उजळतो किंवा बुडतो. फोटोशॉपच्या चॅनेल मिक्सरमध्ये मोनोक्रोमवर टिक केलं तरी हाच नियम, तिथे बेरीज १०० टक्के.

क्रम असा ठेवा. आधी फोटोचा जो विषय आहे तो, मग त्याच्या मागचं, आकाश सगळ्यात शेवटी. लोक उलटं करतात, आकाश नाट्यमय करायच्या नादात निळा तळाला नेतात आणि मग चेहरा, भिंत, कपडे सगळं त्या आकाशाच्या मागे फरफटत जातं.

माणसाच्या कातडीचा रंग, गोरी असो की सावळी, लाल आणि पिवळ्याच्या मध्ये पडतो. म्हणून फोटोशॉपमध्ये हे दोन स्लायडर एकमेकांपासून फार लांब नेऊ नका, नाहीतर गालावर नकाशे उमटतात. लाइटरूममध्ये नारिंगी हाच चेहऱ्याचा मुख्य स्लायडर, आणि लालने ओठ वेगळे सांभाळता येतात, लाल वर नेला की ओठ पुसले जातात, थोडा खाली घेतला की परत येतात. सुरकुत्यांचा, उन्हाने रापलेला चेहरा असेल तर मला लाल कमी ठेवलेलाच आवडतो, त्या रेषांसाठीच तर फोटो काढलेला असतो.

पानांचं एक गंमतशीर आहे. हिरवा स्लायडर हलवून पानं हलत नाहीत अशी तक्रार येते. झाडाची पानं आपल्याला हिरवी वाटतात पण सॉफ्टवेअरच्या हिशेबात त्यांच्यात पिवळा भरपूर असतो, म्हणून पिवळा हलवा, पानं लगेच हलतील. नेमका कुठला रंग आहे याचा अंदाज येत नसेल तर त्याच पॅनेलमधलं बोटाचं चिन्ह (लाइटरूममध्ये छोटं गोल चिन्ह) निवडा आणि फोटोवरच क्लिक करून ओढा, फोटोशॉपमध्ये डावीउजवीकडे, लाइटरूममध्ये वरखाली. त्या जागी जो रंग असेल तोच स्लायडर आपोआप हलतो.

ढगाळ दिवसाचे, धुक्यातले, पांढऱ्या भिंतीचे फोटो असतील तर हे सहा काय किंवा आठ काय, कुठलेच स्लायडर फारसं काही करणार नाहीत आणि ते बरोबरच आहे. जिथे रंगच नाही तिथे रंगाचे स्लायडर धरणार कशाला? तिथे थेट सातव्या पायरीवर जा.

६. खालचा कलर फोटो नीट आहे का?

काळंपांढरं करायचंय म्हणून व्हाइट बॅलन्सकडे, म्हणजे प्रकाशाची पिवळी किंवा निळी झाक काढणाऱ्या सेटिंगकडे, बघायचंच नाही ही सवय फार जणांना असते. पण सॉफ्टवेअर राखाडी छटा रंगावरूनच काढतं ना. घरातल्या पिवळ्या दिव्याखालचा फोटो असेल तर भिंत, चेहरा, शर्ट सगळं नारिंगीच्या एकाच खोक्यात जाऊन पडतं आणि मग नारिंगी स्लायडर हलवला की तिघंही एकत्र हलतात. आधी कलरमध्येच व्हाइट बॅलन्स दुरुस्त करा, रंग एकमेकांपासून सुटले की छटाही सुटतात. उलट कधी मुद्दाम टेम्परेचर, म्हणजे व्हाइट बॅलन्सचा पिवळानिळा स्लायडर, इकडेतिकडे करून बघा, ब्लॅक अँड व्हाइट लेयर वर चालू ठेवून खालचं टेम्परेचर सरकवलं की अख्ख्या फोटोची छटा बदलताना दिसते, फिल्टर बदलल्यासारखी. मिश्र प्रकाश असेल, म्हणजे एकीकडून खिडकी आणि दुसरीकडून दिवा, तर मास्क करून, म्हणजे बदल ठराविक भागापुरता ठेवून, दोन भाग वेगळे दुरुस्त करावे लागतात, ते किचकट आहे.

७. कॉन्ट्रास्टची पाळी आत्ता

छटा सुटल्यावर लेव्हल्स (काळं आणि पांढरं टोक कुठे धरायचं ते ठरवणारं टूल) किंवा कर्व्ह लावा. लेव्हल्सचं काळं टोक आल्ट दाबून सरकवलं की नेमकं कुठे डिटेल मरतंय ते दिसतं, तिथून जरा मागे या. पांढऱ्याचं तसंच. कॉन्ट्रास्टच्या सरळ स्लायडरपेक्षा कर्व्हची हलकी एस बरी, कारण तिथे सावल्या आणि उजेड वेगवेगळे हाताळता येतात. उरलेलं डॉज आणि बर्नने, म्हणजे ब्रशने हवी ती जागा उजळ किंवा गडद करून, मऊ ब्रश, कमी ओपॅसिटी. मग फोटो नखाएवढा लहान करून बघा, तेवढ्यात विषय कळत असेल तर टोन जमले. प्रत्येक फोटोत शुद्ध काळा आणि शुद्ध पांढरा असलाच पाहिजे असं काही नाही, धुक्यात काळा कुठून आणणार.

८. आकाशातले दाणे, चौकोन, रेघा आणि पायऱ्या

बहुतेक सेन्सरवर निम्मे पिक्सेल हिरव्याचे असतात, लाल आणि निळ्याचे पाव पाव. त्यात दिव्याच्या पिवळ्या उजेडात निळा प्रकाश मुळातच कमी, तो ओढूनताणून वाढवला जातो, म्हणून निळा चॅनेल सगळ्यात दाणेदार. वर जेपेगमध्ये जागा वाचवायला रंगाची माहिती आणखी पातळ केलेली असते, बहुतेक वेळा चार पिक्सेल मिळून एकच रंग, आणि दाबताना ८ गुणिले ८ चे तुकडे. रंगीत फोटोत हे दिसत नाही. तुम्ही निळा स्लायडर तळाला नेलात की तीच लपलेली रंगाची माहिती उजेड आणि अंधार होऊन बाहेर येते. ४०० टक्के झूम करून फांदीची कड बघा, पांढरी रेघ तिथेच सापडेल, फांदी आणि आकाशाच्या मधल्या पिक्सेलना ना धड निळा रंग असतो ना धड तपकिरी, म्हणून आकाश गडद झालं तरी ते मागे उजळ राहतात.

आधी फुकटचा उपाय, निळा आणि सायन अर्ध्यावर आणा. रेघ जात नाही तोवर मागे या. आकाश आणखी गडद हवंच असेल तर ते स्लायडरने करू नका, वरून खाली जाणारा ग्रेडियंट मास्क टाकून कर्व्हने गडद करा, त्याला रंगाशी देणंघेणं नसतं म्हणून कडेला रेघ येत नाही. कन्व्हर्ट करायच्या आधी कलर नॉइज, म्हणजे रंगीत दाणे, कमी करा, नंतर करून उपयोग कमी.

पायऱ्यांचं कारण वेगळं आहे. आठ बिटच्या फाईलमध्ये एका चॅनेलला २५६ पायऱ्या असतात, आकाश त्यातल्या तीसेक पायऱ्यांत बसलेलं असतं आणि तुम्ही ते ताणून दुप्पट जागेत पसरवता, मग फटी दिसणारच. रॉ असेल तर परत रॉकडे जा आणि १६ बिटमध्ये काम करा. आठ बिटची जेपेग १६ बिट मोडमध्ये टाकून मूळच्या फटी भरत नाहीत, पुढचं नुकसान तेवढं कमी होतं. फक्त जेपेगच असेल तर शेवटी थोडं ग्रेन, म्हणजे फिल्मसारखे बारीक दाणे, टाका, पट्ट्यांच्या कडा मोडतात आणि ब्लॅक अँड व्हाइटला ग्रेन शोभतंही.

९. इथे वेगळा, तिथे वेगळा

ग्रेस्केल मोडमध्ये सेव्ह केलेल्या फाईलला स्वतःचं ग्रे प्रोफाइल असतं, म्हणजे कुठला आकडा किती उजळ दाखवायचा याची नोंद, फोटोशॉपमध्ये पुष्कळदा डॉट गेन २० टक्के नावाचं. हे छपाईसाठीचं आहे. काही अॅप ते वाचतात, काही सरळ दुर्लक्ष करतात, मग तोच फोटो दोन ठिकाणी दोन उजेडात दिसतो. स्क्रीनसाठीचा फोटो आरजीबी मोडमध्येच ठेवा, एसआरजीबी या स्क्रीनसाठीच्या नेहमीच्या प्रोफाइलमध्ये कन्व्हर्ट करा आणि सेव्ह करताना प्रोफाइल एम्बेड करा. कन्व्हर्ट टू प्रोफाइलच वापरायचं, असाइन नाही. कन्व्हर्ट आकडे बदलून दिसणं तसंच ठेवतं, असाइन आकडे तसेच ठेवून दिसणं बदलतं, आणि या दोघांत घोळ केला की फोटो प्रत्येक ठिकाणी नवा दिसतो.

१०. प्रिंट

सगळ्यात खर्चिक म्हणून शेवटी. प्रिंट गडद आली तर आधी स्क्रीनचा ब्राइटनेस संशयात घ्या, प्रिंटर नंतर. झाक आली तर बघा की कलर मॅनेजमेंट सॉफ्टवेअर आणि प्रिंटर ड्रायव्हर दोघंही करत नाहीयेत ना, एकालाच करू द्या. रंगीत शायांनी छापलेली राखाडी खिडकीपाशी एक आणि दिव्याखाली दुसरी दिसू शकते, तो शायांचा गुण आहे. प्रिंटरमध्ये वेगळा ब्लॅक अँड व्हाइट मोड आणि राखाडी शाया असतील तर तोच मोड वापरा. आणि मोठी प्रिंट काढायच्या आधी फोटोचा सगळ्यात अवघड पट्टा, म्हणजे चेहरा आणि त्यामागची सावली, लहान तुकड्यावर छापून बघा.

कुठे थांबायचं

मूळ फाईलमध्ये उजेडाचा भाग तिन्ही चॅनेलमध्ये २५५ असेल तर थांबा. तिथे माहितीच नाही, व्यावसायिक माणूसही ती परत आणू शकत नाही, फार तर दुसरीकडून रंगवून देईल. तसंच फोटोची सगळी गंमत रंगातच असेल, संध्याकाळचं आकाश किंवा रंगीबेरंगी गर्दी, तर तो रंगीतच राहू द्या, प्रत्येक फोटो ब्लॅक अँड व्हाइटमध्ये चालतोच असं नाही.

नववी पायरी झाल्यावरही प्रत्येक स्क्रीनवर फोटो वेगळा दिसत असेल आणि तुम्हाला हे काम वारंवार करायचं असेल तर स्क्रीन कॅलिब्रेट करून घ्या, मशीन लावून. डोळ्याने केलेलं कॅलिब्रेशन राखाडीत टिकत नाही. प्रदर्शनासाठी किंवा भिंतीएवढी प्रिंट हवी असेल तर चांगल्या प्रिंट लॅबकडे द्या, घरच्या प्रिंटरवर कागद आणि शाई जाळण्यात अर्थ नाही.

जुना, एकुलता एक, फाटलेला किंवा बुरशी लागलेला फोटो असेल तर स्वतः पुसापुशी करायला जाऊ नका, काचेला चिकटला असेल तर सोडवायला तर अजिबात नाही, ते काम जतन करणाऱ्या माणसाचं. तुम्ही फक्त एवढं बघा की तो ब्लॅक अँड व्हाइट असला तरी स्कॅन कलरमध्ये आणि १६ बिटमध्ये होईल. पिवळे डाग निळ्या चॅनेलमध्ये भडक दिसतात आणि लालमध्ये जवळपास नाहीसे होतात, ग्रेस्केलमध्ये स्कॅन केला की ही सोय गेली.

कोणाकडेही काम देताना तुम्ही केलेली काळीपांढरी जेपेग एकटी पाठवू नका. मूळ कलर फाईल द्या, रॉ असेल तर रॉ, नाहीतर प्रोफाइल एम्बेड केलेली १६ बिट आरजीबी टिफ, आणि सोबत तुमचं व्हर्जन लहान साइझमध्ये, तुम्हाला काय गडद आणि काय उजळ हवंय ते कळायला. त्या लहान फाईलच्या नावातच फक्त संदर्भासाठी असं लिहून टाका, नाहीतर घाईत तीच छापली जाते.